टेकलेल्या टोप्या

कारखान्यात पाहुणे आले की भट्टीतून निघालेली बर्नरची रुपेरी टोपी हातात घेऊन हमखास म्हणायचे, "छान मुलामा चढवलाय हो!" आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मुलामा नव्हे. मुलामा वरून चढतो आणि वरूनच सोलून निघतो. इथे क्रोम लोखंडाच्या अंगात मुरतं. मऊ, कमी कार्बनचं साधं लोखंड घ्यायचं, क्रोमच्या पुडीत पुरायचं, झाकण लावायचं आणि डबा लालबुंद होईपर्यंत भट्टीत ठेवायचा. पुडीत थोडा नवसागर असतो. त्याची वाफ क्रोमला उचलून लोखंडाच्या कातडीपर्यंत नेऊन पोचवते आणि तिथून पुढे क्रोम आपलं आपण आत शिरतं. मग त्या लोखंडाला गंज शिवत नाही. हे सगळं ताई पाहुण्यांना समजावून सांगायची. पाहुणे माना डोलवायचे आणि जाताना मालकाला म्हणायचे, "मुलामा फारच सुंदर आहे तुमचा."

अलीकडे तिने समजावणं सोडून दिलं होतं. म्हणा मुलामा, म्हणा रंग, म्हणा काय हवं ते. तिच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं.

कारखाना सुरू व्हायच्या पुष्कळ आधी, रस्ते झाडणारे अजून जांभया देत असताना, ती मागच्या दाराने आत यायची. भरणीच्या टेबलावरचा तेवढा एक दिवा लावायची. आदल्या संध्याकाळी भरलेले लोखंडी डबे तिथे ओळीने ठेवलेले असत. डब्यात राखाडी पूड आणि पुडीत पुरलेल्या टोप्या. पाव भाजायच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये ज्योतीवर बसतात त्या, तळहाताएवढ्या. झाकणाच्या कडेचा मातीचा लेप भट्टी लावतानाच द्यायचा असतो. रात्रभर वाळला तर तो आगीत तडकतो आणि आत हवा शिरते. त्यामुळे झाकणं नुसती वर ठेवलेली असत. ताई झाकण उचलायची, बाह्या सारायची आणि कोपरापर्यंत हात पुडीत घालून एकेक टोपी चाचपायची.

दोन टोप्यांमध्ये बोटभर पूड हवी, हा भरणीचा पहिला आणि शेवटचा नियम. टोपीला टोपी टेकली की तिथे वाफ पोचत नाही, क्रोम मुरत नाही, आणि एक उघडी रेघ राहून जाते. नुसत्या डोळ्यांना ती दिसतही नाही. पुढे कधीतरी दमट हवेत तिथून गंज फुटतो. ताई टेकलेल्या टोप्या अलगद दूर करायची, मधे पूड लोटायची, वरून हात फिरवून सपाट करायची आणि झाकण होतं तसं ठेवून द्यायची. मग साबणाने खसाखसा हात धुवायचे, नखांतली पूड काही निघायची नाही ते सोडा, आणि तपासणीच्या खोलीत जाऊन आत्ताच आल्यासारखा चेहरा करून बसायचं.

डबे भरायचं काम दादाचं होतं, तिच्या सख्ख्या थोरल्या भावाचं.

आईवडिलांच्या मागे त्यानेच तिला वाढवलं होतं. शाळेत सोडायला तो, आणायला तो, आणि परीक्षेत नापास झाली तर नातेवाइकांपुढे सारवासारव करायलाही तोच. तिचा नवरा अकाली गेला तेव्हा दादाने तिला थेट कारखान्यात आणून आताच्या मालकाच्या वडिलांपुढे उभं केलं. "ही माझी बहीण. हिला कामाला घ्या. चुकली तर मला बोला," एवढंच तो म्हणाला. आज तिच्या डोक्यावर एक काळा केस शोधून सापडत नाही, सगळा कारखाना तिला ताई म्हणतो, मालकसुद्धा. दादाच्या लेखी मात्र ती अजून चिमणीच. सगळ्यांसमोर "चिमणे!" अशी हाक मारतो आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

भरणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो डोळे मिटून डबा भरायचा. बढाई म्हणून नव्हे, खरोखरच मिटून. हात पुडीत गेले की डोळ्यांचा काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. बोटांनी अंतर मोजत, ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत तो थरावर थर लावत जायचा. डब्याच्या मधोमध लोखंडाची एक पट्टी उभी करायचा, तिला साक्ष म्हणायचे. डबा भाजून निघाला की ताई ती साक्ष कापायची, घासायची, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. क्रोम किती खोल मुरलं ते त्या कापावर पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. शिवाय काही टोप्यांवर मोरचुदाचं पाणी लावायचं. कुठे लोखंड उघडं राहिलं असेल तर तिथे तांब्याचा लाल डाग उमटतो. वर्षानुवर्षं दादाच्या टोप्यांवर असा डाग उमटला नव्हता.

थंडीत एकदा उमटला. कडेला, बारीक, सुरीने ओढल्यासारखा.

ताईने ती टोपी गुपचूप बाजूला काढली आणि मनातल्या मनात आधी पुडीवर खापर फोडलं. मग नवसागरावर. मग तिच्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. किटलीतून ओतलेला चहाचा पेला सगळे रुमालात धरायचे, नाहीतर या हातातून त्या हातात नाचवायचे, आणि दादा मात्र तो मुठीत घट्ट धरून गप्पा मारत उभा. त्याच्या शर्टाची बटणं अलीकडे वहिनी लावून द्यायची. "म्हातारपणी नवरदेव झालेत पुन्हा," वहिनी हसत म्हणाली होती, "समोर उभे राहतात आणि म्हणतात, लाव." वहिनीला त्यात लाड दिसले. ताईला दुसऱ्याच दिवशी पहाटे डबा उघडल्यावर कळायचं ते कळलं. दोन टोप्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या. दादाच्या बोटांना काही जाणवत नव्हतं.

तिने तेव्हाच बोलायला हवं होतं, हे आपण आता म्हणू शकतो. पण तिच्या डोळ्यांसमोर गेट होतं. दादाच्या आधी जो भरणीवाला होता त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा त्याला गेटवर स्टूल देऊन बसवलं. कोणी वाईट वागलं नाही हो, मानाने बसवलं. तो सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, आज डब्यात काय आहे? पुढे विचारेनासा झाला. मग येईनासा झाला. दादा गेटमधून जाताना त्या स्टुलाकडे बघायचा नाही. "चिमणे," तो एकदा म्हणाला होता, "मला तिथे बसवायची वेळ आली ना, तर त्यापेक्षा डब्यात घालून भट्टीत सरकव." तो हसला होता. ती हसली नव्हती.

म्हणून तिने ठरवलं, थोडे दिवस आपणच सांभाळून घेऊ. थोडे दिवस! माणूस स्वतःला फसवायला लागला की हेच दोन शब्द आधी वापरतो. थंडी संपली, उन्हाळा आला आणि गेला, आणि ताई रोज अंधारात उठून, अर्धवट झोपेत वेणी घालून, मागच्या दाराने आत शिरत राहिली. दिवसभर पुन्हा स्वतःचं काम होतंच. संध्याकाळी घरचा जिना चढताना ती मधल्या वळणावर बसून घ्यायची. शेजारीण विचारायची, "बरं नाही का?" तर तिच्यावरच खेकसायची. जेवताना डोळे मिटायचे. रविवारी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि मनात डबे मोजायची.

आणि दादा? दादा फुलत चालला होता. टोप्या स्वच्छ निघत होत्या, मालकाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. "तुला बरं आहे बाई," तो तपासणीच्या खोलीत डोकावून म्हणायचा, "माझा माल तपासायचा म्हणजे बसून पगार खायचा. कधीतरी एखादा डाग शोधून दाखव की!" त्या वेळी तिला वाटायचं, सगळा डबा उचलून याच्या डोक्यावर पालथा करावा. एवढा राग यायचा की हातातला साक्षीचा तुकडा खाली ठेवून द्यावा लागायचा. मग तो जिन्यावरून गुणगुणत उतरताना ऐकू आला की राग जायचा आणि नुसता थकवा मागे राहायचा.

पावसाळ्याच्या अखेरीला ती तापाने आडवी झाली. साधा ताप नव्हता, चांगला अंग मोडून काढणारा. वहिनी येऊन उशाशी बसायची, गरम पाणी पाजायची आणि म्हणायची, "झोप गं. कारखाना काही तुझ्यावाचून बंद पडत नाही." तोच तर घोर होता, बंद पडत नव्हता. दादा भरत होता आणि भट्टीवाला भाजत होता. या भट्टीवाल्याला सगळे थंडोबा म्हणत. समोर आगीचा लोळ असला तरी या माणसाची पापणी लवायची नाही. तो मुकाट्याने लेप देऊन डबे आत सरकवत होता. ताईच्या गैरहजेरीत साक्ष मालकाने स्वतः कापून बघितली, टोप्यांना मोरचुदाचं पाणी मात्र लावलं नाही. साक्ष उत्तमच होती. असणारच, ती मधोमध एकटी उभी असते, तिला कोण टेकणार? माल गेला.

काही आठवड्यांनी त्यातल्या टोप्या परत आल्या.

मालकाने तिला आपल्या खोलीत बोलावलं. पोरगेलासा माणूस, वडिलांच्या मागे सगळं अंगावर पडलेलं, आवाज चढवणारा नव्हे. टेबलावर कागद पसरून त्यावर टोप्या मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या कडेला तांबूस रेघ, आणि रेघेवर गंजाचा पापुद्रा.

"बसा ताई. बघितलंत? पावाच्या भट्ट्या बनवणारे म्हणतायत, असा माल पुन्हा आला तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

ताईने एक टोपी उचलली. बघायची गरज नव्हती, तरी उलटसुलट करून बघितली.

"मला वाटतं टोप्यांचा पत्राच वाईट," मालक म्हणाला. "व्यापारी नवीन आहे. कमी कार्बनचा म्हणून भलताच पत्रा गळ्यात मारला असेल. कार्बन जास्त असला की क्रोम आत जात नाही, वरच्या वर कडक पापुद्रा धरतो आणि तडकतो, तुम्हीच सांगता ना? नाहीतर मग भरणी. पण दादांच्या भरणीत..." त्याने हात हलवून तो विषयच झटकून टाकला. "पत्राच असणार. तुम्ही एकदा बघून हो म्हणा, मी त्या व्यापाऱ्याला सरळ करतो. त्याचा सगळा माल परत पाठवतो."

नुसतं हो म्हणायचं होतं. वाट आयती समोर आली होती. ताईने मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते तिचं तिलाही कळलं नाही. "उद्या सांगते," ती म्हणाली.

खोलीत येऊन तिने टोपी कापली, घासली, आम्लात बुडवली. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं कसं स्वच्छ. पांढरा पट्टा चांगला जाड, मऊ, कुठे तडा नाही. लोखंड हवं तसं. पट्टा कडेपर्यंत सलग आला होता आणि तिथे एका जागी एकदम नाहीसा झाला होता. तिथे दुसरी टोपी टेकली होती. व्यापारी बिचारा निर्दोष होता. ताई त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बसली. हो म्हटलं तर एका परक्या माणसाच्या पोटावर पाय येणार, आणि पहाटेचं उठणं तसंच चालू राहणार. खरं सांगितलं तर दादा गेटवर. तिला दोन्ही नको होतं. तिला फक्त झोपायचं होतं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर ती भरणीच्या टेबलापाशी गेली. पलीकडे थंडोबा भट्टीचं दार पुसत होता. दादा डोळे मिटून भरत होता.

"पावलं ओळखली हं," तो डोळे न उघडता म्हणाला. "काय गं चिमणे, घरी नाही जायचं?"

ती समोरच्या बाजूने उभी राहिली, बाह्या सारल्या आणि डब्यात हात घातला.

"ए, हात धुतलेस का? तेल असेल हाताला. पूड खराब करशील."

पुडीखाली तिची बोटं सवयीने सरकत गेली. पहिली टोपी, बोटभर जागा, दुसरी. मग तिसरी आणि चौथी. तिने दादाचं मनगट पकडलं आणि त्याचं बोट नेऊन तिथे ठेवलं.

"इथे किती जागा आहे?"

"बोटभर."

"दादा, टेकल्यात."

"काहीतरीच."

तिने दोन्ही टोप्या होत्या तशा धरून सावकाश वर काढल्या. पूड ओघळली. कडेला कड लागलेली होती, मधून उजेडही आला नसता. दादाने डोळे उघडून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो उसळला.

"बरं, एक चुकली! माणूस आहे मी. आज एक चुकली म्हणून तू एवढी..."

"परत आलेल्यांवर हीच रेघ आहे."

"तो पत्रा! मालक स्वतः म्हणाले मला."

"पत्रा चांगला आहे. मी कापून बघितला."

"मग तुझं बघणं चुकलंय!" त्याने टेबलावर हात आपटला. "कसं शक्य आहे? आँ? हात गेले असते तर इतके महिने डाग पडले नसते? हेच मी त्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं."

ताईने टोप्या खाली ठेवल्या. "कुठल्या डॉक्टरीणबाई?"

"आहेत एक." त्याचा आवाज जरा खाली आला. "थंडीत मुंग्या यायच्या हातांना. तुझ्या वहिनीने पिच्छाच पुरवला म्हणून गेलो. बाईंनी सुया टोचून बघितल्या, रक्त बघितलं. म्हणाल्या, साखर फार वाढलीय, नसा मरायला लागल्यात. आत्ताच गोळ्या सुरू करा, दर महिन्याला या, अजून थांबवता येईल. वर म्हणाल्या, काम बंद करा. मी हसलो. म्हटलं, बाई, हे हात दिवसभर पुडीत असतात. माझा माल माझी बहीण तपासते, आणि ती सख्ख्या भावाचीही गय करणारी नाही. एक डाग निघत नाही. बधिर हातांनी जमेल का हे? तेव्हा तुमच्या सुया तुमच्याकडेच राहू द्या. पुन्हा गेलो नाही मी. घरी सांगितलं, काही नाही, ठीक आहे."

"आणि गोळ्या?"

"एक पाकीट संपवलं. मग राहिल्या." तो तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता. "तू तपासतेस म्हटल्यावर मला गोळ्या कशाला?"

ताईने स्टूल ओढलं आणि ती बसली. इतके महिने तिला वाटत होतं की आपण दादाला वाचवतोय. ती रोज पहाटे उठून त्याला सांगत होती की तुझे हात ठणठणीत आहेत, आणि तो तिच्यावर विश्वास ठेवत होता. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"दादा, डबे मी लावत होते."

"म्हणजे?"

"पहाटे येऊन. झाकण काढून. टेकलेल्या टोप्या सोडवून ठेवायची मी. म्हणून डाग पडत नव्हते. आजारी पडले तेव्हा नाही आले, तेव्हाचा माल परत आलाय."

पुडीत अर्धवट बुडालेला आपला हात दादाने बाहेर काढला, दिव्याखाली धरला आणि दुसऱ्या कोणाची वस्तू बघावी तसा बघत राहिला. पलीकडे थंडोबाच्या फडक्याचा आवाज थांबला होता.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"बाईंकडे गेलो त्याच्या आधीपासून की नंतर?"

त्याने तारीख सांगायची गरज नव्हती. मुंग्या, वहिनीची बटणं, पहिला डाग, सगळं एकाच ओळीत बसत होतं. "आधीपासून," ती म्हणाली.

"अरे देवा," दादा म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर तिने आनंदाने झेलला असता.

"मला वाटलं तुला गेटवर बसवतील."

"बसवलं असतं. बसलो असतो. तुला शिव्या दिल्या असत्या, महिनाभर तोंड बघितलं नसतं तुझं. पण हात..." त्याने मूठ मिटली आणि उघडली. "चिमणे, हे हात तरी राहिले असते गं थोडे."

ताई रडली. आवाज न करता, पुडीच्या हातांनीच डोळे पुसत, त्यामुळे गालांवर राखाडी पट्टे उमटले. माफी मागावी असं वाटत होतं, पण कुठल्या तोंडाने मागणार? दादाने तिला रडू दिलं. तो स्वतः टेबलाला टेकून उभा होता आणि एकदम फार म्हातारा दिसत होता.

"मालकाला सांग," मग तो म्हणाला, "पत्रा चांगला आहे म्हणून. त्या व्यापाऱ्याला उगाच लटकवू नका. भरणी चुकली, भरणीवाल्याचे हात गेलेत, असं सांग. आणि तुझं पहाटेचंही सांग."

"उद्या सकाळी सांगते. सगळं."

"हं." तो खाली जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "त्या बाई पायांचंही काहीतरी म्हणाल्या होत्या. रोज रात्री तळवे बघत जा, काही टोचलं तर तुम्हाला कळायचं नाही. मी कशाला बघतोय! ठणठणीत माणूस मी." तो थांबला. "बूट काढ गं जरा. मला वाकवत नाही."

ताई खाली बसली. कामाचा जाड बूट होता. तिने नाडी सोडवली, टाच धरून बूट ओढला. दादाने पाय मागे घेतला नाही की तोंडातून ब्र काढला नाही. मोजा तळव्यापाशी ओला आणि काळपट झाला होता आणि कातडीला चिकटून बसला होता. ती तो हळूहळू सोडवत गेली. बुटाच्या तळातून पत्र्याची एक टोकदार कपची आरपार वर आली होती. ती किती दिवस तिथे होती कोण जाणे. तिच्यावर उभं राहून तो डबे भरत होता, गुणगुणत होता. जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या. वास येत होता.

"काय आहे?" दादाने वरून विचारलं. "सांग की. मला इथून दिसत नाही."

तिचं बोट जखमेच्या कडेवर होतं आणि तो विचारत होता काय आहे. तिच्या तोंडाशी पहिले शब्द आले ते जुन्याच सवयीचे होते. काही नाही रे, थोडं खरचटलंय. ते तिने गिळून टाकले.

"जखम आहे," ती म्हणाली. "मोठी आहे. खोल गेलीय आणि सडायला लागलीय. पाय वाचेल की नाही मला माहीत नाही, दादा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

दादाने मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. थंडोबा कधी निघून गेला ते कळलं नाही. बाहेर त्याने गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

"तुझ्या वहिनीला काय सांगायचं?"

"हेच सांगायचं," ताई म्हणाली.

ती उठली आणि त्याच्या बगलेत शिरली. दादाने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि भार दिला. त्याची बोटं तिच्या खांद्यात रुतली. आपण किती जोराने धरलंय हे त्याला कळत नव्हतं. हाडापर्यंत कळ गेली. दोन पावलं ती तशीच चालली, दात आवळून, एवढे महिने चालली तशी. मग थांबली.

"दादा, दुखतंय मला."

त्याने चमकून हाताकडे बघितलं आणि पकड सैल केली.

"आता?"

"अजून थोडी."

त्याने अजून थोडी सैल केली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती बरोबर म्हणेपर्यंत पाऊल उचललं नाही.